नक्षी कोण ठरवतं, रसायन की जागेचा आकार?

वक्ररेषा
सजीवांमध्ये आकार आणि नक्षी कशी तयार होते यावर गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५२ साली जो निबंध लिहिला, त्याची चर्चा नेहमी रसायनावरच थांबते. दोन पदार्थ असतात, चेतक आणि निरोधक. चेतक स्वतःलाच वाढवतो. निरोधक त्याला आवरतो आणि त्याच्यापेक्षा झपाट्याने पसरतो. एवढं जुळलं की एकजिनसी मिश्रण आपोआप ठिपक्या-पट्ट्यांत मोडतं. माझ्या मते ही अर्धीच गोष्ट झाली. शक्य असलेल्या नक्ष्यांतली कोणती उमटणार, हे जागा ठरवते.

दोन्ही टोकं बंद असलेली नळी घ्या. तिच्यात अर्ध्या लाटांची (लाट म्हणजे नक्षीचा एक पूर्ण चढउतार) पूर्ण संख्याच बसू शकते. नळी फार आखूड असेल तर एकही बसत नाही. रसायन तेच असूनही मिश्रण एकजिनसीच राहतं. अरुंद पट्टीत रुंदीच्या दिशेने लाट मावत नाही, म्हणून फक्त आडवे पट्टे उरतात. गणिती जीवशास्त्रज्ञ जेम्स मरे यांनी यावरूनच मांडलं की ठिपकेदार अंगाला पट्टेदार शेपटी असू शकते, उलट मात्र होत नाही. चित्त्याच्या शेपटीचं टोक पाहा.

विसरणवादी
सहमत नाही. नळीत किती लाटा बसतात हे मोजायला आधी लाटेची लांबी लागते, आणि ती येते अभिक्रियेच्या वेगातून आणि विसरणाच्या, म्हणजे पदार्थ पसरण्याच्या, दरांतून. पात्राकडे स्वतःची अशी कोणतीही लांबी सुचवण्याची ताकद नाही.

पुरावा प्रयोगशाळेतलाच आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने १९९० मध्ये क्लोराइट, आयोडाइड आणि मॅलॉनिक आम्ल जेलमध्ये वापरून पहिली खरी ट्युरिंग-नक्षी मिळवली. ती जमली स्टार्चमुळे. स्टार्च घातला होता रंग दिसावा म्हणून, पण त्याने आयोडाइडला धरून ठेवलं आणि चेतक मंदावला. पात्राचा यात काय वाटा? पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये क्यू ओयांग आणि हॅरी स्विनी यांनी जेलची चकती न बदलता षटकोनी ठिपक्यांवरून पट्ट्यांवर जाऊन दाखवलं. बदललं फक्त तापमान आणि द्रावणांचं प्रमाण.

वक्ररेषा
त्या प्रयोगात लाट सुमारे ०.२ मिमीची होती आणि चकती सेंटिमीटरमध्ये मोजण्याइतकी. कडेचा परिणाम जाणवू नये अशीच ती मांडणी होती. जिथे भूमितीला मुद्दाम दूर ठेवलंय, तिथे ती दिसत नाही म्हणून ती नाहीच, असं कसं म्हणता?

तीच षटकोनी जाळी गोलावर पसरायला सांगा. बसतच नाही. फुटबॉलवर १२ पंचकोन असतात ते याच कारणाने: प्रत्येक कोपऱ्यात तीन घरं मिळणारी पंचकोन-षटकोनांची जाळी गोलावर बंद करायची तर ऑयलरचं सूत्र (घरं, कडा आणि कोपरे यांच्या संख्यांचं नातं) बरोबर १२ पंचकोन मागतं. कुठलंही रसायन यातून सुटत नाही.

तिसरा_बिंदू
दोघांनाही सरड्याचं उदाहरण विचारात घ्यावं लागेल. युरोपातल्या ठिपकेदार सरड्याचे खवले वाढत्या वयात हिरव्याचे काळे, काळ्याचे हिरवे होत राहतात, आणि कोणता खवला कधी बदलणार हे शेजारच्या खवल्यांच्या रंगावर अवलंबून असतं. जिनिव्हाच्या मिलिंकोविच यांच्या गटाने २०१७ मध्ये याचं कारण दिलं. दोन खवल्यांमधली कातडी पातळ, म्हणून तिथे विसरण कमी. तेवढ्या जाडीच्या फरकाने सलग समीकरणाचं रूपांतर घराघराच्या गणनयंत्रात होतं, जिथे प्रत्येक घर शेजाऱ्यांकडे पाहून आपली स्थिती बदलतं. मला हे फार सुंदर वाटतं. इथे आकार ही बाहेरची चौकट नाही, तो विसरणाच्या आतच शिरलाय.

विसरणवादी
सुंदर आहेच. पण उंदराच्या पंजाचं काय? २०१२ च्या संशोधनात ग्ली३ हे जनुक नसलेल्या गर्भात हॉक्स ही शरीराची मांडणी ठरवणारी जनुकं एकेक करून कमी केली, तशी बोटं वाढत १४ पर्यंत गेली, बारीक आणि दाटीवाटीची. पंजा त्या प्रमाणात मोठा झाला नाही. जागा तेवढीच, लाट आखूड. याहून स्पष्ट काय हवं?

वक्ररेषा
त्याच संशोधनाचा दुसरा भाग तुम्ही सोडलात. पंजा टोकाकडे पंख्यासारखा रुंदावतो. लाटेची लांबी सगळीकडे सारखी असती तर वाढत्या रुंदीत बोटांना फाटे फुटले असते. तसं होऊ नये म्हणून टोकाकडे लाट लांब करावी लागते, आणि ते काम हॉक्स जनुकं करतात. पंजा पंख्याच्या आकाराचा नसता तर या नियमनाची गरजच पडली नसती.

विसरणवादी
गरज आकाराने निर्माण केली, हे मान्य. पण ती भागवली जनुकांनी, म्हणजे पुन्हा रसायनानेच. ती जनुकं काढून घेतली तर पंख्याचा आकार एकट्याने पाच बोटं देऊ शकत नाही.

तिसरा_बिंदू
नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये २०१५ साली जिवाणूंना चौकोनी आणि आयताकृती साच्यांत वाढवलं होतं. जिवाणूत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करणारी मिन प्रथिनं तीच, पण आंदोलनाची दिशा साच्याच्या लांबी-रुंदीप्रमाणे बदलली. असाच प्रयोग जेलमध्ये व्हायला हवा: चकत्यांऐवजी शंकू, आणि शंकूचा कोन सोडून काहीही न बदलता. पट्ट्यांचे ठिपके नेमक्या कोणत्या रुंदीला होतात ते मोजता येईल, आणि ती रुंदी लाटेच्या किती पट आहे यावर तुमच्या दोघांच्या म्हणण्याची थेट तुलना होईल.