मदत हवी आहे: वडिलांना आणि मुलाला घेऊन नाशिकहून समुद्रावर गळ टाकायला कुठे जावं?

नमस्कार मंडळी.

माझे वडील भगूरचे. बांबूची काठी, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि डबीत गांडुळं घेऊन दारणेच्या काठी त्यांचं बालपण गेलं. आता वय ७१, एका गुडघ्याची वाटी बदललेली. माझा मुलगा नऊ वर्षांचा. उन्हाळ्यात त्यांनी त्याला नदीवर गळ टाकायला शिकवलं आणि तेव्हापासून त्याचा एकच धोशा आहे, "आबा, समुद्रात टाकला तर काय लागेल?" आबांना सांगता येत नाही, कारण त्यांनी समुद्रात कधी गळ टाकलेलाच नाही. हे उत्तर दोघांना एकमेकांशेजारी बसून मिळावं, एवढीच माझी इच्छा आहे.

गेल्या दिवाळीत एक प्रयत्न केला होता. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड करत पालघरच्या किनाऱ्यावर गेलो. पाडव्याला सकाळी निघालो, वाटेत जेवलो, खाडीवर पोचायला साडेपाच वाजले. जिथे मुक्काम होता तिथे "मासे पकडण्याची सोय" असं लिहिलेलं. प्रत्यक्षात समोर नुसता चिखल. पाणी इतकं लांब गेलेलं की आबांना तिथवर चालवत नेणं शक्यच नव्हतं. कोणी काही समजावून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला होडीतून फिरवून आणलं, दहा मिनिटं हातात दोरी दिली आणि संपलं. मुलगा परतीच्या वाटेवर जव्हारपर्यंत एक शब्द बोलला नाही.

म्हणून विचारते आहे:

आबांना खुर्ची टाकून बसता येईल आणि पाणी पायाशी असेल अशी जागा कोणती? होडी नको, त्यांना चढता-उतरता येत नाही. कधी जावं? सामान काय न्यावं? नदीचं सामान खाडीत चालतं का?

गंगापूर धरण कृपया सुचवू नका. धरणातली मासेमारी ठेक्याने दिलेली असते आणि नांदूरमध्यमेश्वर तर अभयारण्यच आहे. शिवाय आम्हाला समुद्रच हवा आहे. मासे किती मिळतात याची फिकीर नाही, एक मिळाला तरी पुरे.

प्रतिसाद (पालघरहून)

ताई, जागा ठीक होती, वेळ चुकली. आमच्याकडे जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पाडवा म्हणजे प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती भरली. तिथून सहा तासांनी ओहोटी. तुम्ही साडेपाचला पोचलात म्हणजे पाणी जवळजवळ सगळं उतरलेलं. त्यात अमावास्या आदल्या दिवशीची, म्हणजे उधाणाचे दिवस. उधाणात पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. डहाणू-पालघरकडे हा फरक मालवणपेक्षा खूप मोठा असतो, किनाराही सपाट. त्यामुळे पाणी पार लांब जातं.

आता अष्टमी बघा. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला भरती. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, चढउतार कमी आणि ओढही कमी, मुलाला दोरी सांभाळता येते. तीन वाजता बसा, पाणी चढताना मासा काठाकडे चरायला येतो, सहापर्यंत छान वेळ मिळतो. आणि पाणी आबांकडे चालत येईल, आबांना जावं लागणार नाही. गणित ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघाच.

जागा म्हणाल तर उघड्या किनाऱ्यापेक्षा खाडीच्या तोंडाजवळचा बंधारा किंवा जेटी बरी. केळवे, डहाणू, दोन्हीकडे शोधा. जेटीवर आधी तिथल्या कोळीबांधवांना विचारा. त्यांच्या होड्या लागतात, जाळी वाळत असतात, ती त्यांची कामाची जागा आहे. नीट विचारलंत तर बसायला जागा देतील आणि आज काय लागतंय तेही सांगतील. तिथूनच थोडी ताजी कोलंबी घ्या. गांडुळापेक्षा कोलंबीचा तुकडा खाडीत जास्त चालतो.

एक गोष्ट मुलाला आधीच शिकवा. खाडीत सगळ्यात आधी बहुधा शिंगाळी लागते. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, विषारी. हाताने सोडवायची नाही, पक्कड आणि जाड फडकं ठेवा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात जखम बुडवून ठेवायची आणि डॉक्टरकडे जायचं. तसंच, फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर परत सोडा. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

प्रतिसाद (मालवणहून)

नाशिकहून लांब पडेल, पण चार दिवस काढता येत असतील तर देवबागला या. कर्ली नदी समुद्राला मिळते, एका बाजूला खाडी, एका बाजूला दर्या. खाडीकाठी नारळाच्या सावलीत बसून गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे. काळुंदर लागतं, कधी तांबोशी. नशीब असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसेल. सगळा गाव दोरीला लागतो, मुलालाही ओढू देतील. फक्त पावसाळ्यात नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि गळ टाकणाऱ्यांनीही त्या दिवसांत खडकावर उभं राहू नये. लाट कधी येईल सांगता येत नाही.

धागाकर्तीकडून

तुमचे खूप आभार. पाऊणपटीचं गणित आबांना वाचून दाखवलं. त्यांनी पंचांग काढलं आणि अर्धा तास बोटांवर हिशेब करत बसले. मुलगा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला "आज तिथी कोणती?" विचारतो.

ठरलं ते असं: चंपाषष्ठीचा नैवेद्य झाला की निघायचं, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी बरोबर हाताशी येते. आई मार्गशीर्षातले गुरुवार करते, तेवढा वार सांभाळू. शाळा दोन दिवस बुडेल, बाईंना खरं कारण सांगणार आहे. यंदा केळवे, देवबाग मे महिन्याच्या सुट्टीत.

एकच शेवटचं विचारते. आबांना दारणेवरची बांबूची काठीच न्यायची आहे, रीळवाली नको म्हणतात. काठी साडेनऊ फुटांची आहे, बूच बांधलेलं. बंधाऱ्यावरून एवढी लांबी पुरेल का, आणि खाडीच्या पाण्यात शिसं किती वजनाचं लावावं? कोणी अशा काठीने गरवलं असेल तर जरूर लिहा.