मदत हवी आहे : मॅक्सिमातील टिपणे साध्या मजकुरात कशी उतरवावीत?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात गणिताच्या शिकवण्या घेतो. डब्ल्यूएक्समॅक्सिमात (मॅक्सिमा या बीजगणिती आकडेमोडीच्या प्रोग्रॅमच्या दर्शनी रूपात) केलेली सुमारे ४० टिपणे मला साध्या मजकुराच्या फायलींत हवी आहेत, म्हणजे उद्या तो प्रोग्रॅम हाताशी नसला तरी ती वाचता येतील. टिपणाची डब्ल्यूएक्सएमएक्स फाइल मुळात झिप (दाबून बांधलेले गाठोडे) असते, म्हणून ती उघडून आतली एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) पाहिली. पण साध्या अपूर्णांकाभोवतीही खुणांचे रान माजलेले होते. डब्ल्यूएक्सएम या दुसऱ्या फाइलप्रकारात साठवल्यास आज्ञा व टिपा टिकतात, उत्तरे मात्र गळतात, आणि मला तर उत्तरेच हवी आहेत. 'डिस्प्ले२डी : फॉल्स' ही आज्ञा दिल्यावर उत्तरे एका ओळीत येतात खरी, परंतु प्रत्येक फाइल पुन्हा चालवून नक्कल करणे जिवावर येते. सगळ्या फायली एकदम उतरवण्याची रीत कोणास ठाऊक असल्यास कृपया पायरीपायरीने सांगावी.