जुना तीन स्प्रिंगचा टेबल लॅम्प: मान खाली येते आणि वायर जीर्ण झाली आहे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मामा नकाशे काढायचे, त्यांचा टेबल लॅम्प आता माझ्याकडे आला आहे. पायऱ्यापायऱ्यांचं जड चौकोनी बूड, त्यावर तीन स्प्रिंगा, सांध्यात दुमडणारा हात आणि वर खोल शेड. घडण १९३५च्या अँगलपॉइज १२२७ या इंग्लिश टेबल लॅम्पच्या मॉडेलची.

दिवा टाकून नवीन घे, असं घरचे म्हणतात, पण मला तो सोडवत नाही. एका बोटानं मान उचलायची आणि सोडून द्यायची, ती तिथेच थांबते. ना स्क्रू पिळायचा, ना चाप लावायचा. ही रचना जॉर्ज कारवर्डाइन या इंग्लिश इंजिनिअरची. तो गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करायचा. हात कुठल्याही कोनात असला तरी स्प्रिंगचा ताण त्याचं वजन तोलून धरेल, असा हिशेब त्यानं बसवला आणि १९३२मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आधीचं मॉडेल चार स्प्रिंगचं होतं. घरातल्या टेबलासाठी तीन स्प्रिंगचं आलं ते नंतर, स्प्रिंगा बनवणाऱ्या हर्बर्ट टेरी कंपनीकडून.

आणि उजेड! बल्ब शेडमध्ये आत दडलेला, त्यामुळे डोळ्यांवर काही येत नाही, फक्त कागद उजळतो. दिवा डावीकडे ठेवून मान अगदी खाली आणली की पेन्सिलीची पुसलेली रेघसुद्धा कागदावर खोलगट दिसते. छतावरच्या ट्यूबलाइटखाली ती कधीच दिसणार नाही.

अडचणी अशा:

हात पुढे ताणला की मान हळूहळू खाली येते. स्प्रिंगा बदलाव्यात का? सांध्यांना तेल द्यावं का? सध्या एलईडी बल्ब लावला आहे.

वायर कापडी वेष्टनाची आहे. प्लगजवळ आतल्या रबराला बोट लावलं की भुगा होतो, म्हणून दिवा बंदच ठेवला आहे.

शेडच्या कडेचा काळा रंग उडाला आहे. पुन्हा रंगवावा का?

प्रतिसाद १

तेल अजिबात देऊ नका. सांध्यात थोडं घर्षण लागतंच, तेलानं मान आणखी घसरेल.

स्प्रिंगांना हात लावण्याआधी बल्ब काढून बघा. या दिव्याचा तोल साध्या फिलामेंट बल्बच्या वजनावर बसवलेला असतो. प्लास्टिकच्या बुडाच्या एलईडीत सर्किट आणि उष्णता बाहेर टाकणारा धातू असतो, त्यामुळे तो बराच जड भरतो. हाताच्या टोकाला तेवढं वजनही पुरतं. बल्ब काढल्यावर मान थांबली तर स्प्रिंगा ठणठणीत आहेत. मग काचेचा फिलामेंट एलईडी लावा, तो हलका असतो. रंग २७०० केल्विनचा घ्या, पिवळसर उजेड मिळेल.

तरीही घसरली तर सांध्याचे नट किंचित आवळा. स्प्रिंग मात्र स्वतः काढू नका, ताणलेली असते, सुटली तर डोळ्याला लागेल.

प्रतिसाद २

वायर बदलल्याशिवाय तो दिवा लावूच नका. अंग सगळं धातूचं आहे, आत एक तार उघडी पडली की सगळा दिवा करंट मारेल. जुन्या दिव्यांत बऱ्याचदा दोनच तारा असतात, अर्थिंग नसतं. तीन तारांची वायर टाका. कापडी वेष्टनात तीही मिळते, त्यामुळे रूप बिघडणार नाही. सांध्यांवर रंग असेल तर अर्थिंग शेडपर्यंत पोचतंच असं नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनला बूड आणि शेड दोन्हीकडे मीटर लावून बघायला सांगा.

रंगाला माझा सक्त विरोध. वर्षानुवर्षं जिथे हात लागला तिथेच तो झिजला आहे. गंज असेल तेवढाच घासून मेणाचं पॉलिश द्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! बल्ब काढून पाहिलं. हात पूर्ण पुढे ताणला तरी मान जागची हलत नाही, म्हणजे स्प्रिंगा चांगल्या आहेत. किती बरं वाटलं! रंगही आता तसाच ठेवणार.

एकच शंका उरली. तीन तारांची वायर हाताच्या नळीतून जात नाहीये, भोक अरुंद आहे. भोक मोठं करायला जीव धजत नाही. वायर नळीच्या बाहेरून, सांध्याशी थोडी सैल सोडून नेली तर चालेल का? कुणी केलं असेल तर फोटो टाका, प्लीज.