मदत हवी आहे: ब्रह्मदेशातील पायदळाचे जपानी विमानांपासून रक्षण कसे करावे? (हार्ट्स ऑफ आयर्न ४)

सप्रेम नमस्कार,

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या दुसऱ्या महायुद्धावरील खेळात ब्रिटिश राज, म्हणजे तेव्हाचा हिंदुस्थान, घेऊन खेळलेल्या जाणकारांकडून मला एका नेमक्या प्रश्नावर मार्गदर्शन हवे आहे. आम्ही मुंबई-ठाण्यातील काही मित्र शनिवारी रात्री आपापल्या घरून एकत्र खेळतो. या डावात जपान एका अतिशय अभ्यासू मित्राकडे आहे. ब्रिटन ज्याच्याकडे आहे त्याचे सारे लक्ष भूमध्य समुद्राकडे लागलेले असल्यामुळे ब्रह्मदेशाची आघाडी सर्वस्वी माझ्यावर येऊन पडली आहे. कोणताही मॉड (खेळाचे नियम बदलणारी बाहेरची भर) वापरलेला नाही.

खेळात सध्या १९४२ सालचा आरंभ आहे. माझ्याकडे पायदळ भरपूर आहे, ते नदीकाठी खंदक खणून बसले आहे आणि जमिनीवरच्या बळाचाच विचार केला तर जपानी डिव्हिजनना (सैन्याच्या मोठ्या तुकड्यांना) ते सहज अडवू शकले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक लढाईत जपानची क्लोज एअर सपोर्टची, म्हणजे जमिनीवरच्या सैन्यावर थेट मारा करणारी, विमाने उतरतात आणि दोन-चार दिवसांत माझी फळी मागे सरकू लागते.

माझ्या समजुतीप्रमाणे येथे दोन वेगवेगळे त्रास एकाच वेळी होत आहेत. खेळात नकाशावरचे आकाश हवाई विभागांत वाटलेले असते; लढाई ज्या विभागात आहे तिथे वर्चस्व शत्रूचे असले की माझ्या डिव्हिजनची संरक्षणक्षमता आणि चालण्याचा वेग, दोन्ही घटतात. हा तोटा बाँब पडण्याआधीच सुरू झालेला असतो. त्याशिवाय लढाईत भाग घेणारी विमाने सैन्यावर थेट मारा करतात तो वेगळाच. पहिल्या त्रासावरचा खरा उपाय म्हणजे लढाऊ विमाने, कारण विमानवेधी तोफांनी वर्चस्वाचा परिणाम सौम्य होत असला तरी आकाश आपल्या ताब्यात येत नाही. दुसऱ्या त्रासावर मात्र तोफा चांगल्या लागू पडतात: माराही कमी होतो आणि शत्रूची काही विमानेही पडतात.

तोफांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांना विमानांसारखे ॲल्युमिनियम आणि रबर लागत नाही, इंधन लागत नाही आणि धावपट्टी तर नाहीच नाही. हिंदुस्थानच्या मोजक्या लष्करी कारखान्यांना झेपेल असे हे काम आहे. प्रत्यक्ष इतिहासातही हिंदी सैन्याच्या विमानवेधी तोफखान्याची सुरुवात युद्धाच्या याच घाईत झाली आणि १९४० साली त्याच्या पहिल्या प्रशिक्षण तुकडीची उभारणी आपल्या कुलाब्यात झाली, ही गोष्ट मुंबईकर म्हणून मला फार जवळची वाटते. म्हणून प्रत्येक डिव्हिजनमध्ये विमानवेधी सपोर्ट कंपनी (मुख्य रचनेबाहेर जोडलेली छोटी साहाय्यक तुकडी) घालण्याचे काम मी हाती घेतले असून आघाडीवरच्या बहुतेक डिव्हिजनना ती मिळालीही आहे. त्यामुळे जपानची विमाने पूर्वीपेक्षा जास्त पडत आहेत. तरीही फळी टिकत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे मुख्य रचनेतच विमानवेधी बटालियन घालणे. अशी बटालियन लढाईची रुंदी, म्हणजे आघाडीवरची मर्यादित जागा, फक्त १ घेते, तर पायदळाची बटालियन २ घेते. त्या दृष्टीने ती परवडते. परंतु अशा बटालियनला स्वतःची ऑर्गनायझेशन (लढाईत तग धरण्याची क्षमता) नसल्याने संपूर्ण डिव्हिजनची सरासरी खाली येते, आणि माझा सगळा भर दीर्घकाळ तग धरण्यावर असताना तीच गोष्ट मला नको आहे. राज्यात बांधता येणाऱ्या स्थिर विमानवेधी तोफांचा विचार मी बाजूला ठेवला आहे, कारण त्या मुख्यतः कारखान्यांवर होणाऱ्या बाँबफेकीसाठी असतात आणि माझी अडचण रणांगणावरची आहे.

लढाऊ विमानांची अडचण अंतराची आहे. कोलकात्याहून रंगून हवाई मार्गाने सुमारे १००० किलोमीटर पडते. बंगाल आणि आसामातील तळांवरून उडणारी माझी जुनी विमाने ब्रह्मदेशाच्या हवाई विभागाचा थोडाच भाग व्यापतात, त्यामुळे त्यांची मोहिमेतील कार्यक्षमता फार खाली येते. जपान मात्र सयाममधील (आताच्या थायलंडमधील) जवळच्या तळांवरून संपूर्ण बळाने उडतो. विमाने ब्रह्मदेशातच ठेवावीत तर तिथे तळ लहान आहेत आणि आघाडी मागे सरली की तेही हातचे जातात.

या टप्प्यावर मी त्या मोहिमेचा इतिहास पुन्हा वाचून काढला. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर पहिला मोठा हवाई हल्ला झाला आणि रंगूनजवळच्या मिंगलाडोनच्या तळावरून उडणाऱ्या ब्रिटिश व अमेरिकी वैमानिकांनी संख्या कमी असूनही जपानला बराच काळ महागात पाडले. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले, त्याच महिन्यात माग्वे येथील तळावर जपानने जबरदस्त हल्ले केले आणि त्यानंतर माघार घेणाऱ्या सैन्याच्या डोक्यावर आपले विमान जवळजवळ उरलेच नाही. पुढे १९४४ साली इम्फाळ येथे चित्र नेमके उलटे झाले. तळ आपल्या पाठीशी होते, १९४३ च्या अखेरीस स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमाने आलेली होती, वेढ्यात अडकलेल्या सैन्याला रसद विमानांनी पोहोचत होती आणि आता जपानी सैन्यच हवाई आधाराविना डोंगरात लढत होते. डोंगर, जंगल आणि पाऊस दोन्ही वर्षी होतेच. पण दोन्ही निकालांमागे धावपट्ट्या कोणाच्या जवळ होत्या याचा वाटा फार मोठा होता, असे माझे मत झाले आहे.

म्हणून माझा मुख्य प्रश्न असा आहे: नदी किंवा डोंगर पाहून आघाडी ठरवण्याऐवजी आपल्या लढाऊ विमानांचा पल्ला जिथे पुरेसा पोहोचतो तिथेच ती ठरवावी का? म्हणजेच दक्षिण ब्रह्मदेश आपणहून सोडून मणिपूर आणि चितगावच्या रेषेवर यावे, तिथे तळांची पातळी वाढवावी (एका पातळीला २०० विमाने मावतात), रडार उभारावे आणि मग जपानला त्याच्या तळांपासून दूर खेचून लढावे. मला हा मार्ग मनापासून पटतो. परंतु ब्रह्मदेश सोडल्यावर जपानही तिथले तळ वाढवील आणि काही महिन्यांत तीच अडचण आसामच्या दाराशी येऊन उभी राहील, ही शंका मला सोडत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष असे करून पाहिले आहे त्यांच्या डावात पुढे काय घडले, हे कृपया सविस्तर लिहावे.

माघार घ्यायचीच ठरली तर तिची रीत कोणती, याबद्दलही मला तुमचा सल्ला हवा आहे. शत्रूच्या वर्चस्वाखाली माझ्या डिव्हिजनचा वेग घटलेला असल्याने त्या सुखरूप मागे येतील याची खात्री नाही. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रह्मदेशातील सितांग नदीवरचा पूल उडवावा लागला तेव्हा सैन्याचा मोठा भाग पलीकडच्या काठावरच राहून गेला होता, आणि माझ्या डावात तसेच होण्याची चिन्हे दिसत आहेत. मुख्य रचनेत विमानवेधी बटालियन असलेल्या तीन-चार डिव्हिजन फक्त पिछाडी सांभाळण्यासाठी तयार कराव्यात का? की हवामान बिघडून विमानांची कार्यक्षमता घटेपर्यंत, म्हणजे पावसाळ्यापर्यंत, आहे तिथेच कसेबसे थांबून मग निघावे? आणि या काळात लष्करी कारखान्यांची वाटणी करताना लढाऊ विमानांना अर्ध्याहून अधिक वाटा द्यावा, की आधी राहिलेल्या डिव्हिजनच्या तोफा पूर्ण कराव्यात? पुढच्या शनिवारी डाव सुरू झाला की सर्वांत आधी मला उत्पादनाचाच निर्णय घ्यावा लागणार आहे, त्यामुळे वेळ कमी असल्यास निदान या शेवटच्या प्रश्नावर तरी आपले मत अवश्य कळवावे.