रेटिंग बघून घेतलेले गेम जमत नाहीयेत, रोज एकच तास मिळतो, काय खेळू?

रात्रीचा_खेळाडू:
मंडळी, सल्ला हवाय. बऱ्याच वर्षांनी परत कन्सोल घेतलाय, रात्री जेमतेम तासभर मिळतो. दहापैकी साडेनऊ मिळालेला एक मोठ्ठा ओपन वर्ल्ड (मोठ्या नकाशावर हवं तिकडे फिरायचं असा) गेम घेतला, दोन आठवडे झाले तरी सुरुवातीच्याच भागात फिरतोय, रोज बसलं की काल कुठे होतो आणि कोणाला काय नेऊन द्यायचं होतं हे आठवण्यातच पंधरा मिनिटं जातात. मग एक ऑनलाइन शूटर (गोळीबाराचा गेम) घेतला, त्यालाही भरपूर स्टार, पण लॉबीच भरत नाही, म्हणजे मॅच सुरू व्हायला पुरेशी माणसंच जमत नाहीत. स्टोरी आवडते, कोडी आवडतात, रिफ्लेक्स बेताचे. कधीकधी बायकोपण खेळायला बसते, तिने कंट्रोलर आधी हातात धरलेला नाही. आणि रिव्ह्यू वाचायचे तरी कसे?

कोडीप्रेमी:
डोळे झाकून 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) घ्या. छोटीशी सूर्यमाला आहे, २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही परत सुरुवातीला जागे होता. लेव्हल नाही, नवी शस्त्रं नाहीत, पुढे जातं ते फक्त तुम्हाला कळलेलं. तुमच्या तासात दोन फेऱ्या आरामात होतात, आणि काल काय सापडलं होतं ते तुमच्या अंतराळयानातल्या लॉगमध्ये (नोंदवहीत) नकाशासारखं जोडून ठेवलेलं असतं, म्हणजे तुमची आठवण्याची कटकटच संपली. यापेक्षा जास्त सांगत नाही आणि तुम्हीही कुठे वाचू नका प्लीज, हा गेम एकदाच पहिल्यांदा खेळता येतो.

त्यानंतर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८). रिकामं परत आलेलं जहाज, ६० माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं हे शोधायचं. तीन जणांचं बरोबर लिहिलं की मगच गेम मान्य करतो, त्यामुळे नुसते अंदाज मारून भागत नाही. बायकोला वही-पेन देऊन बसवा, माणसाच्या बोलण्याची ढब, कपडे, कोण कोणाच्या शेजारी उभं आहे, सगळं उपयोगी पडतं. घाई कुठेच नाही.

दोन_कंट्रोलर:
दोघांसाठी म्हटलं की सगळे 'इट टेक्स टू' सांगतील, तो आहेच सुंदर, पण पहिल्यांदा कंट्रोलर धरणाऱ्याला नका देऊ. कंट्रोलरवरच्या एका काडीने (स्टिकने) चालायचं, दुसरीने कॅमेरा फिरवायचा आणि त्यातच उडी मारायची, आपल्याला ते सवयीने येतं म्हणून लक्षात येत नाही. माझ्या बहिणीने याच कारणाने अर्ध्या तासात सोडून दिला होता आणि मला फार वाईट वाटलं, चूक माझ्या निवडीची होती. आधी 'अनरॅव्हल टू' खेळा. बाजूने दिसणारा गेम आहे, कॅमेरा सांभाळायचा नाही, लोकरीच्या दोन बाहुल्या एकाच धाग्याने बांधलेल्या, अवघड उडी आली की एकाने दुसऱ्याला पाठीवर घेऊन जायचं.

फक्त_ऑनलाइन:
रिव्ह्यूचं सांगतो. ऑनलाइन गेमचा लाँचच्या आठवड्यातला स्कोर म्हणजे त्या आठवड्याचा स्कोर, गेम नंतर बदलतो. 'नो मॅन्स स्काय' २०१६ला आला तेव्हा लोक चिडले होते, नंतर फुकट अपडेट येत राहिले आणि आज तो वेगळाच गेम आहे. उलटंही होतं, चांगला गेम माणसं निघून गेल्यामुळे मरतो, तुमच्या शूटरचं तेच झालेलं दिसतंय. म्हणून तारीख बघा. स्टीमवर (पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) अलीकडचे रिव्ह्यू वेगळे दाखवतात आणि लिहिणारा किती तास खेळलाय तेही दिसतं, कन्सोलवर घेणार असाल तरी तिथे एक नजर टाका. पाच-दहा तास खेळून सोडलेल्यांचं मी आधी वाचतो, कुठे कंटाळले ते स्पष्ट लिहितात. ऑनलाइनची हौस असेल तर 'रॉकेट लीग', २०२०पासून फुकट आहे, मॅच पाच मिनिटांची, क्रॉसप्लेमुळे (वेगवेगळ्या कन्सोल-पीसीवरचे लोक एकत्र खेळतात) समोर माणसं मिळतात.

कोडीप्रेमी:
यात एक भर. जॉनर (गेमचा प्रकार) बदलला की कसोटी बदलते हो. कोड्याच्या गेमला 'लवकर संपला' म्हणून मार्क कापलेले दिसले की मी तो रिव्ह्यू तिथेच सोडतो. ॲक्शनमध्ये मात्र बघायचं की हरल्यावर परत खेळावंसं वाटतं का. रिफ्लेक्स बेताचे म्हणून 'हेडीस' टाळू नका, त्यात गॉड मोड चालू केला की मार २० टक्के कमी बसतो आणि प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के, ८०पर्यंत. स्टोरी तीच राहते.

रात्रीचा_खेळाडू:
'आउटर वाइल्ड्स' घेतला, तीन रात्री झाल्या. ऑटोपायलट लावला आणि यान सरळ सूर्यात गेलं, हे असंच आहे का माझं काही चुकतंय?

कोडीप्रेमी:
असंच आहे! तो सरळ रेषेत जातो, मध्ये काय आहे ते बघत नाही. आधी सूर्य बाजूला येईल असं यान न्या, मग लावा. आणि लॉगमध्ये जिथे 'इथे अजून काहीतरी आहे' असं दिसतंय तिथे आज जा.