हायवेला लागलं की निळा दिवा परत येतोय, इंजिन गरमच राहत नाही

होटगीरोडवाला
नमस्कार मंडळी. सहा महिन्यापूर्वी सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक घेतली, २०१४ चं मॉडेल, ८६ हजार किमी झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर माझा प्रश्न राहतो बाजूला आणि कुठली गाडी भारी यावरच चार पानं भरतात. हिला टेम्परेचरचा काटा नाहीये, नुसता दिवा आहे, गार असली की निळा आणि जास्त तापली की लाल. आता होतंय असं की पहाटे साडेपाचला पुण्याला निघालो, जुना पुणे नाका येईपर्यंत निळा दिवा विझला, मग हायवेला ८०-९० ला गाडी लागली तर मोहोळच्या अलीकडे परत निळा! टोलला लाईनीत थांबलो की विझतो, पुढे पळवली की पुन्हा लागतो. हीटर लावला तर कोमट हवा, बायको म्हणाली यापेक्षा शाल बरी. अ‍ॅव्हरेज १३ च्या वर जात नाही. गावात दुपारी फिरवली तर काहीच प्रॉब्लेम नाही. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणे सोलापुरात गाडी गार चालतीय तर नारळ फोडा की, तक्रार कसली करताय.

शेंगाचटणी
गॅरेजवाला बरोबर बोलला बे 😄 मे मध्ये ४३ डिग्रीत आमच्या गाड्या उकळतात आणि तुझी गार पडतीय, नशीबवान आहेस. सेन्सर गेला असणार, नवीन टाक विषय संपव.

दहाअकराचा_पाना
सेन्सर लगेच बदलू नका मालक, उगं पैसे जातील. सेन्सर खराब असता तर दिवा कधीही लागला असता, गाडी उभी असताना पण. तुमचा दिवा स्पीडवर चालतोय, पळवली की लागतो थांबली की विझतो, म्हणजे इंजिन खरंच गार पडतंय. रेडिएटरला समोरून वारा लागला की पाणी गार होतंय आणि तेच गार पाणी सारखं इंजिनात फिरतंय. हे अडवायचं काम थर्मोस्टॅटचं. त्याच्यात मेण असतं, साधारण ८२ डिग्रीला (काही गाड्यात ८८, त्याच्यावरच आकडा मारलेला असतो) ते फुगतं आणि व्हॉल उघडतं, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जायलाच नाही पाहिजे. तुमचं एकतर उघडं अडकलंय नाहीतर आत काहीच नाहीये.

बघायला पाना पण लागत नाही. सकाळी पूर्ण गार गाडी स्टार्ट करा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाईप हाताने धरा, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. चांगल्या गाडीत तो पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका बसेल असा तापतो. तुमचा जर सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर समजून जा. काही गाड्यात थर्मोस्टॅट खालच्या पाईपला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही, एवढं आधी बघून घ्या.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
वरच्या दादांचं पटलं पण एक गोष्ट राहिली. फॅन बघा. आपल्याकडे फॅनचा स्विच किंवा रिले गेला की इलेक्ट्रिशियन लोक फॅन डायरेक्ट करून देतात, चावी फिरवली की फॅन चालू. माझ्या जुन्या गाडीत तेच निघालं होतं. एसी बंद, इंजिन गार आणि फॅन फिरतोय म्हणजे गडबड आहे.

आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड दाखवतो तो, ऑनलाईन पाचशे-हजारात मिळतो, मोबाईलवर अ‍ॅप टाकायचं. रात्रभर उभ्या गाडीत नुसती चावी ऑन करून कूलंटचं टेम्परेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर बघा, दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत. सारखे आले म्हणजे सेन्सर निदान गार असताना तरी खोटं बोलत नाही. आणि त्याआधी पाण्याची लेव्हल बघा, कमी असली तर सेन्सरभोवती हवा राहते आणि तो काहीही दाखवतो. झाकण गरम इंजिनवर उघडू नका बरं का.

शेंगाचटणी
एवढी मेहनत कशाला, जाऊ द्या की. गार इंजिन जास्त टिकतं उलट.

दहाअकराचा_पाना
नाही ओ, इथंच सगळे फसतात. इंजिन गार आहे असं कॉम्प्युटरला दिसलं की तो पेट्रोल जास्त मारतो, जुन्या गाड्यांच्या चोकसारखं. म्हणून तर अ‍ॅव्हरेज १३. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, आणि आत जमलेली वाफ उडून जायला इंजिन तेवढं तापायला लागतं. ऑईलचं झाकण उघडून बघा, आतून पिवळट साय आली असेल तर त्याचंच लक्षण.

होटगीरोडवाला
अपडेट देतो. रविवारी सगळं केलं. फॅन ठीक आहे, गार गाडीत फिरत नाही. सकाळी चावी ऑन केली तर कूलंट १७ आणि हवा १८, म्हणजे सेन्सर निर्दोष सुटला. वरचा पाईप दोनच मिनिटात कोमट!! मग तुळजापूर रोडला पळवून आलो, अ‍ॅपवर ८० च्या स्पीडला कूलंट ५४ ते ५८, परत येताना गावात सिग्नलला थांबलो तर ७६ पर्यंत चढलं. पी०१२८ कोड पण साठवलेला होता, म्हणजे इंजिन पाहिजे तेवढं तापत नाही अशी कॉम्प्युटरची तक्रार.

मग दुसऱ्या फिटरकडे नेली, त्याने थर्मोस्टॅटचं हाऊसिंग खोललं आणि हसायलाच लागला. आत थर्मोस्टॅटच नाही! जुन्या मालकाने कधीतरी उन्हाळ्यात काढून टाकला असणार. आणि कूलंट म्हणून जे होतं ते बोअरचं पाणी, चहासारखं लाल. ऑईलच्या झाकणाला साय होतीच.

दहाअकराचा_पाना
वाटलंच होतं 😀 आपल्याकडचं हे जुनं औषध आहे, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढा. खरं कारण असतं रेडिएटर चोकअप नाहीतर फॅन, ते तसंच राहतं. वर काही इंजिनात थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तो काढला की पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि उन्हाळ्यात उलट जास्त तापते.

नवीन टाकायच्या आधी पातेल्यात पाणी उकळून उघडतो का बघा, दोऱ्याला लटकवून, तळाला टेकू देऊ नका. त्याच्यावर छोटी हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते. गॅस्केट नवीन. आणि ऑईल पण बदला आता, ते पेट्रोल प्यायलेलं आहे.

होटगीरोडवाला
झालं सगळं. पातेल्यात टाकला तर मुलगा बघत बसला होता, उघडला तसा ओरडला "बाबा फुललं!" रेडिएटर दोनदा साफ पाण्याने फ्लश करून निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. काल पहाटे परत पुण्याला, निळा दिवा पाच मिनिटात गेला तो गेलाच, अ‍ॅपवर ८७ ते ९१, हीटरने बायकोने शाल काढली. अ‍ॅव्हरेज एका फेरीत १६.५ आलंय, टाकी टू टाकी अजून बघायचंय.

एकच शंका, सात रस्त्याला ट्रॅफिकमध्ये ९६ झालं आणि फॅन जोरात सुरू झाला, आधी कधी आवाज ऐकला नव्हता. काही चुकलं का?

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
फॅन सुरू झाल्यावर खाली आलं का?

होटगीरोडवाला
हो, ९१ ला येऊन बंद झाला.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
मग त्याला त्याचं काम करू द्या. फक्त एप्रिलच्या आधी रेडिएटरच्या जाळ्या बाहेरून धुऊन घ्या, बोअरच्या पाण्यावर चाललेली गाडी आहे.

शेंगाचटणी
माझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का कसं बघायचं 🙄