बीटल्सचं खरं घर कॅव्हर्न क्लब नाही, मोना बेस्टचं तळघर आहे. तुम्हाला काय वाटतं?

सांजवात

गेल्या महिन्यात बहिणीकडे मँचेस्टरला गेले होते तेव्हा एक दिवस काढून लिव्हरपूल केलं. सगळे जातात तशी आधी मॅथ्यू स्ट्रीटवर, जिथे बीटल्स वाजवायचे त्या कॅव्हर्न क्लबला गेले, जिना उतरून खाली, विटांच्या कमानी, स्टेजवर कुणीतरी गिटार घेऊन बीटल्सचीच गाणी म्हणतोय, समोर पन्नासेक लोक मोबाईल वर धरून उभे. छान वाटलं, नाही असं नाही. पण मूळ कॅव्हर्न १९७३ सालीच बंद केला होता, भुयारी रेल्वेच्या हवेच्या शाफ्टसाठी वरची इमारत पाडली, तळघर बुजवलं आणि तो शाफ्ट काही शेवटपर्यंत बांधलाच नाही!! तिथे गाड्या पार्क व्हायच्या. आज आपण बघतो तो कॅव्हर्न १९८४ मध्ये परत बांधलेला आहे. हे माहीत असून तिथे उभं राहिलं की मनात कुठेतरी खटकत राहतं.

मग दुपारी वेस्ट डर्बीला गेले, ८ हेमन्स ग्रीन. आधी बुकिंग करावं लागतं. शांत रस्ता, झाडं, एक मोठं जुनं घर आणि त्याच्या तळघरात कासबा कॉफी क्लब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोना बेस्ट म्हणजे पीट बेस्टची आई, रिंगोच्या आधी जो बीटल्सचा ड्रमर होता त्याची. बाईंचा जन्म दिल्लीचा, पीट जन्मला मद्रासला आणि १९४५ च्या ख्रिसमसला हे कुटुंब भारतातून बोटीने लिव्हरपूलला उतरलं. १९५४ च्या डर्बी शर्यतीत तिने स्वतःचे दागिने गहाण टाकून एका घोड्यावर पैसे लावले, भाव होता ३३ ला १, आणि तो घोडा जिंकला. त्या पैशातून पुढे हे घर आलं. मुलांना मित्रांबरोबर बसायला जागा हवी म्हणून तिने कोळशाचं तळघर साफ केलं आणि २९ ऑगस्ट १९५९ ला तिथे क्लब उघडला, दारू नाही, फक्त कॉफी, कोक आणि गाणी. त्या रात्री वाजवलं जॉन, पॉल, जॉर्ज आणि केन ब्राऊन यांनी, तेव्हा बीटल्सचं नाव क्वारीमेन. चार गिटार आणि ड्रमर कुणीच नाही.

छत इतकं खाली की मी हात वर केला तर तळवा टेकला. आणि ते छत त्या पोरांनीच रंगवलंय! क्लब उघडायच्या आधी मोनाने सगळ्यांच्या हातात ब्रश दिले होते. ज्या छोट्या खोलीत ते वाजवायचे तिथल्या छतावरचं इंद्रधनुष्य पॉलचं. जवळून बघितलं तर पट्ट्यांच्या कडा सरळ नाहीत, एका ठिकाणी हात थांबलाय आणि परत सुरू झालाय ते दिसतं. सतरा वर्षांच्या पोराने मान वर करून, खांदा दुखेपर्यंत रंगवलेलं ते. मला तिथे रडू आलं.

माझं म्हणणं एवढंच की बीटल्सचं घर म्हणून जगाने कॅव्हर्नचं नाव घ्यावं आणि या बाईचं नाव कुणालाच माहीत नसावं हे चूक आहे. मुळात कॅव्हर्न होता जॅझचा क्लब. १९५७ मध्ये जॉन तिथे स्किफल (साध्या, घरगुती वाद्यांवरचं लोकसंगीत) वाजवायला गेला आणि मध्येच रॉक अँड रोल सुरू केलं तर मालकाने स्टेजवर चिठ्ठी पाठवली की हे बंद कर. ज्यांना शहरात कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना दार एका आईने उघडून दिलं.

---

मर्सीपार

सांजवात, लेख मनापासून आहे पण मला अजिबात पटला नाही. मी अकरा वर्षं इथेच राहतो, नदीच्या पलीकडे, आणि कॅव्हर्नला 'परत बांधलेला' म्हणून बाजूला सारणारे लोक भेटले की मला वाईट वाटतं. आधी जागेबद्दल. पाडला हे खरं. पण १९८४ चा क्लब बऱ्याच अंशी त्याच जागेवर आहे, पत्ता मॅथ्यू स्ट्रीटचाच आहे आणि जुन्या विटा काढून त्यातल्या कितीतरी परत वापरल्यात. जुनंच तळघर खणून काढायचा विचार होता पण कमानी इतक्या खिळखिळ्या झाल्या होत्या की ते जमलं नाही. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार केला तर आपण देव बदलला म्हणतो का? पॉल स्वतः १९९९ मध्ये आणि परत २०१८ मध्ये तिथे येऊन वाजवून गेला.

आता मुख्य मुद्दा. ९ फेब्रुवारी १९६१ ला बीटल्स म्हणून पहिल्यांदा कॅव्हर्नमध्ये वाजवलं, दुपारच्या सेशनला, आणि ३ ऑगस्ट १९६३ ला शेवटचं. मधल्या अडीच वर्षांत २९२ वेळा असा आकडा सांगतात. २९२!! दुपारी बारा ते दोन, आजूबाजूच्या ऑफिसातल्या, दुकानातल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत खाली उतरायच्या, सूप आणि पाव खायचे, भिंतींवरून पाणी ओघळतंय, वर फळांची गोदामं म्हणून सडक्या फळांचा वास, त्यात फिनाईल आणि घाम. तो वास म्हणे कपड्यांना दिवसभर राहायचा आणि पोरगी दुपारी कुठे गेली होती ते घरी नाकानेच कळायचं. हे रोजचं नातं कासबात नव्हतं. कासबा म्हणजे शनिवार-रविवारची मित्रमंडळी.

आणि ९ नोव्हेंबर १९६१ ला पुढे त्यांचा मॅनेजर झालेला ब्रायन एपस्टाईन त्यांना बघायला आला तो कॅव्हर्नमध्ये, कारण त्याचं रेकॉर्डचं दुकान तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर होतं. शहरापासून चार मैल लांब कुणाच्या घराच्या तळघरात तो गेला असता असं मला वाटत नाही. एपस्टाईन नाही तर करार नाही, करार नाही तर आज आपण हे बोलतही नसतो.

---

ढोलताशा७८

तुम्ही दोघं लिव्हरपूलमध्येच भांडताय आणि खरी जागा राहिली बाजूला. जर्मनीतलं हॅम्बर्ग! मी स्वतः ऑर्केस्ट्रात सात वर्षं ड्रम वाजवलेत, लग्नं, गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम, त्यामुळे हे पुस्तकातून सांगत नाहीये. तीन तास सलग वाजवलं की मनगट सुजतं, चौथ्या तासाला डोकं बंद पडतं आणि हात आपोआप चालतात, आणि त्या चौथ्या तासात बँड एकमेकांकडे न बघता वाजवायला शिकतो. हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने येत नाही. तालमीने तर नाहीच.

१७ ऑगस्ट १९६० ला हे पाच जण हॅम्बर्गच्या इंद्रा क्लबमध्ये पहिल्यांदा उभे राहिले. (नाव खरंच इंद्रा.) साध्या दिवशी साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास! माणशी दिवसाला ३० मार्क. राहायला बांबी नावाच्या थिएटरची पडद्यामागची खोली, खिडकी नाही, शेजारी संडास, अंग धुवायचं तर तिथल्याच नळावर. मालक कोशमिडर खालून ओरडायचा की शो करा, काहीतरी करून दाखवा. आवाजाच्या तक्रारींमुळे इंद्रातलं वाजवणं बंद झालं तेव्हा ऑक्टोबरमध्ये त्याच रस्त्यावर कैसरकेलर, मग १९६१ ला टॉप टेन, १९६२ ला स्टार क्लब. दोन-अडीच वर्षांत पाच फेऱ्या आणि अडीचशेच्या वर रात्री. सहा तास भरायचे तर दहा-बारा गाण्यांवर भागतं का? मिळेल ते गाणं बसवायचं, एकच गाणं दहा मिनिटं खेचायचं, सगळ्यांनी आळीपाळीने गायचं म्हणजे गळा टिकतो.

पुरावा हवा असेल तर २७ डिसेंबर १९६०, लिव्हरपूलजवळ लिदरलंड टाऊन हॉल. जाहिरातीत 'थेट हॅम्बर्गहून' असं लिहिलेलं, लोकांना वाटलं जर्मन पोरं आहेत, आणि पडदा उघडल्याबरोबर सगळे नाचायचं सोडून स्टेजकडे धावले. सहा पौंड मिळाले होते त्या रात्रीचे. ऑगस्टमध्ये गेलेला बँड साधा होता, डिसेंबरमध्ये आला तो वेगळाच. मधे काय झालं? हॅम्बर्ग झालं. कासबा पण नाही आणि कॅव्हर्न पण नाही.

---

जुनी_कॅसेट

ढोलताशा, तुमचा चौथ्या तासाचा मुद्दा एकदम पटला. पण मग त्या पाच जणांत ड्रमला कोण होतं ते लिहायचं राहिलं तुमचं. पीट बेस्ट होता! हॅम्बर्गचं बोलावणं आलं तेव्हा यांच्याकडे ड्रमर नव्हता, आणि कासबात पीट स्वतःचा बँड घेऊन स्वतःच्या ड्रमसेटवर वाजवत होता म्हणून पॉलने त्याला विचारलं. कासबा नसता तर हॅम्बर्गला ड्रमर कुठून नेला असता?

माझं वय साठच्या पुढे आहे, मी हा बँड कॅसेटवर ऐकत मोठा झालो आणि मला एक गोष्ट कायम लागून राहिलीय. १६ ऑगस्ट १९६२ ला पीटला काढलं. काढणाऱ्यांनी स्वतः सांगितलंही नाही, एपस्टाईनला सांगायला लावलं. त्यानंतर जी गोष्ट जगाला सांगितली गेली ती चौघांची, आणि त्या चौघांत पीट नाही म्हटल्यावर पीटची आई, पीटचं घर, पीटच्या घराचं तळघर हे सगळं गोष्टीतून आपोआप गळलं. कॅव्हर्नचा मालक कुणाचा बाप नव्हता त्यामुळे त्याचा क्लब राहिला. माझ्या मते कासबा विसरला जायचं खरं कारण हे आहे, तिथे कमी वेळा वाजवलं हे नाही.

नील अ‍ॅस्पिनॉल पण त्याच घरात भाड्याने राहायचा. सुरुवातीला तोच यांची व्हॅन चालवायचा, पुढे बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीचा कारभार कितीतरी वर्षं त्याने बघितला. म्हणजे ड्रमर त्या घरातून आणि व्यवस्था बघणारा माणूसही त्याच घरातून.

---

मर्सीपार

जुनी_कॅसेट काका, पीटच्या बाबतीत अन्याय झाला हे मलाही मान्य. पण भावना बाजूला ठेवून एक विचारतो. ऑक्टोबर १९५९ मध्ये काय झालं होतं? केन ब्राऊन आजारी होता, त्या रात्री त्याने वाजवलं नाही, तरी मोनाबाईंनी त्याच्या वाटणीचे १५ शिलिंग त्यालाच दिले. यावर जॉन, पॉल, जॉर्ज चिडले आणि कासबा सोडून निघून गेले. क्लब उघडून दीड महिनाही झाला नव्हता. सांजवात ज्याला घर म्हणतायत ते घर त्यांनी १५ शिलिंगच्या वाटणीवरून सोडलं. घर असं सोडतं का कुणी? कॅव्हर्न त्यांनी जग जिंकायला निघाल्यावर सोडला, हा फरक आहे.

आणि एपस्टाईनचं मी लिहिलं त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

---

टवटवीत

एपस्टाईनबद्दल एवढंच की तो सहज जेवणाच्या सुट्टीत खाली उतरला आणि त्याला हिरे सापडले असं नाहीये. 'मर्सी बीट' नावाचं लोकल पेपर त्याच्याच दुकानात विकायला असायचं आणि जुलै १९६१ च्या अंकात पहिल्या पानावर बीटल्सच होते, हॅम्बर्गला रेकॉर्डिंग केल्याची बातमी. त्यामुळे जवळ होता म्हणून आला हे अर्धंच खरं. माझं मत ढोलताशांच्या बाजूने. पण बाकी सगळं वाचायला फार आवडलं.

---

सांजवात

मर्सीपार, १५ शिलिंगचं खरं आहे, मी लपवलं नव्हतं, मूळ लेखात लांबण नको म्हणून आलं नाही. पण त्यावर तुम्ही म्हणता 'घर असं सोडतं का कुणी'. अहो घरच असं सोडतात! सोळा ते एकोणीस वर्षांची पोरं पैशावरून रुसून निघून जातात आणि मग परत येतात. आले की ते. आणि कधी आले ते बघा.

नोव्हेंबर १९६० ला हॅम्बर्गमध्ये जॉर्ज सतरा वर्षांचाच आहे म्हणून त्याला देशाबाहेर काढलं, मग पॉल आणि पीटला आग लावल्याच्या आरोपावरून पकडून परत पाठवलं, जॉन त्यांच्या मागून एकटा आला. पैसे नाहीत, स्टुअर्ट तिकडेच राहिला, म्हणजे बेस वाजवायला माणूस नाही, आता बँड चालू ठेवायचा की नाही अशी अवस्था. त्या हाल झालेल्या पोरांनी परत आल्यावर पहिल्यांदा कुठे वाजवलं? लिदरलंड नाही. १७ डिसेंबर १९६०, कासबा. लिदरलंडच्या दहा दिवस आधी. बेसला पीटचा जुना सोबती चास न्यूबी उभा केला, आणि मोनाने दारावर पोस्टर लावून ठेवलं होतं की बीटल्स परत आलेत. मागच्या वर्षी ज्यांनी तिच्याशी भांडून तोंड फिरवलं त्यांच्यासाठी.

ढोलताशा, तुमच्यासाठी आणखी एक. पीटचा ड्रमसेट हॅम्बर्गलाच राहिला होता, निघताना आणता आला नाही. तो परत मिळवला मोनाने, जर्मनीला फोनावर फोन करून.

हॅम्बर्गने त्यांना तयार केलं हे मला मान्य आहे, तुमचं वाचून जास्तच पटलं. कॅव्हर्नने त्यांना शहराचं केलं हेही मान्य. पण घर हा शब्द मी कासबासाठीच वापरणार.

---

ढोलताशा७८

ड्रमसेटचं मला माहीत नव्हतं. ज्याने स्वतःचा सेट कधी एखाद्या गावात अडकलेला बघितलाय त्याला कळेल हे काय असतं. आमच्या एका कार्यक्रमानंतर आयोजकाने पैशाच्या वादात माझा सेट हॉलमध्ये कुलूप लावून ठेवला होता, बारा दिवस. त्या बारा दिवसांत तीन सुपाऱ्या गेल्या, आणि मी घरी बसून उशीवर काठ्या मारायचो. तो आणायला माझ्याबरोबर माझी आई आली होती एसटीने.

हॅम्बर्गवरचं माझं मत बदललेलं नाही. सहा तास रोज वाजवल्याशिवाय तो आवाज येत नाही म्हणजे नाही. पण मोनाबाईंचं नाव यापुढे मी प्रत्येक वेळी घेईन.

---

जुनी_कॅसेट

एक भर घालतो. कासबा बंद झाला २४ जून १९६२ ला, शेवटच्या रात्रीही वाजवायला बीटल्सच होते. आणि दोन महिन्यांच्या आत पीटला काढलं. बाईने तळघराला कुलूप लावलं. ते बंद राहिलं म्हणूनच छतावरचा रंग आज आहे, नाहीतर कुणीतरी पांढरा चुना मारून टाकला असता. २००६ मध्ये त्याला सरकारी संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला पण तोपर्यंत मोनाबाई नव्हत्या, त्या १९८८ ला गेल्या.

---

मर्सीपार

१७ डिसेंबरची तारीख माझ्या लक्षात आली नव्हती, ती महत्त्वाची आहे. कॅव्हर्नबद्दलचं मी काही मागे घेत नाही, त्या २९२ दुपारी-संध्याकाळी नसत्या तर हॅम्बर्गमध्ये शिकलेलं ऐकायला माणसं कुठून आणली असती? पण अकरा वर्षांत मी पाहुण्यांना वीस वेळा तरी मॅथ्यू स्ट्रीटला नेलंय आणि हेमन्स ग्रीनला एकदाही गेलो नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. बुकिंग कसं केलंत ते सांगा. मुलगी अकरावीत आहे, गिटार शिकते, तिला घेऊन जातो.

---

सांजवात

तुम्हाला मेसेज केलाय, त्यात सगळं लिहिलंय. मुलीला इंद्रधनुष्याच्या खोलीत जरा वेळ थांबू द्या, तिथे गर्दी नसते. आणि जॉनने रंगवलेला भाग दाखवा. त्याला लांबचं नीट दिसायचं नाही, त्यात त्याने चुकून चकचकीत ऑइल पेंट घेतला आणि तो वाळता वाळेना, क्लब उघडायची तारीख डोक्यावर आलेली, असं तिथे सांगतात. टॉर्च मारला की तो अजून चमकतो.